माईक काढून घेणाऱ्याचं पुस्तक

कामतघरच्या एका नववीतल्या मुलीवर अन्याय झाला. या वर्षी, संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी, आपल्या ग्रंथालयाच्या वर्धापनदिनी, भरल्या सभेत. प्रमुख पाहुण्याच्याच पुस्तकातलं एक पान ती वाचत होती. पाहुण्यानं मध्येच माईक काढून घेतला.

"घरी काय बोलता गं तुम्ही?"

"हिंदी, सर."

"ते कळतंच आहे. मराठीचे हाल नको करूस. बस खाली."

सभागृह हसलं. पुढच्या रांगेतून टाळ्याही आल्या. तेव्हापासून ती पोरगी ग्रंथालयाची पायरी चढलेली नाही.

आणि पुस्तक कुठलं? माझंच लाडकं. खाडीपलीकडून शाळेत येणाऱ्या नावाड्याच्या मुलाची गोष्ट. लहानपणी इतक्या वेळा वाचलेली, की पुठ्ठा निखळला. घरी येऊन ते माळ्यावर भिरकावलं आणि पत्रक लिहिलं: हे पुस्तक बालविभागातून काढा!

मी ज्या संघटनेत काम करते, तिथे एक रीत आहे. ज्याच्यासाठी पत्रक, त्याला आधी वाचून दाखवायचं. त्यानं मान हलवल्याशिवाय छापायचं नाही. मुलीच्या घरी गेले. वडील कापडाच्या लूमवर ड्युटीला, आई दारात तांदूळ निवडत होती. मी ठणकावून वाचलं. पोरीनं मान हलवलीच नाही.

"दीदी, पुस्तकानं काय केलं माझं? ते पान मीच निवडलेलं. तुम्ही वाचलंय ना?"

"पन्नासदा!"

"मग परत वाचा."

आई खुदकन हसली. "देखो, लीडर को होमवर्क मिला!"

माळ्यावर चढले. त्या माणसाचं नाव असलेल्या पुस्तकाला हात लावायलाही नको वाटत होतं. वाचायला लागले, तर जुन्याच जागी हसू फुटलं. स्वतःचीच चीड आली. मग ते पान आलं.

नावाड्याचा मुलगा आपल्या बोलीत धडा वाचतोय. मास्तर त्याच्या हातातलं पुस्तक ओढून घेतो, वर्ग हसतो. आणि लेखक? लेखक पोराच्या बाजूनं! पुढची पानंच्या पानं तो मास्तरला सोलून काढतो.

पान परत एकदा वाचलं. हे ज्यानं लिहिलं, त्यानंच माईक काढून घेतला? हेच पान कानावर पडत असताना? त्याला स्वतःचा मास्तर ओळखू आला नाही? खोटं लिहिलं असतं, तर एकवेळ समजलं असतं. हे तर खरं लिहिलंय, आणि तरीही!

पत्रक फाडलं. पुस्तक कपाटातच राहू दे. पोरीला विचारलं, "पुन्हा वाचशील? त्याच स्टेजवरून?"

"वाचेन. पण लोक परत हसले तर?"

तो प्रश्न मी तुमच्याकडे आणलाय. कारण हसणारी मी नव्हते. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या सभेत होते. तेव्हा येत्या रविवारी ग्रंथालयात या. ग्रंथालयवाल्यांना तिच्या हातात माईक द्यायला लावा. आणि ते पान संपेपर्यंत कोणालाही मध्ये तोंड उघडू देऊ नका.