तिसरा तुकडा

बहीण गेली, त्यानंतर मावशीने तिचा फोन नदीवर सोडला. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या रोजच्या वापरातल्या वस्तू तिसऱ्या दिवशी घाटावर नेऊन ठेवतात: चादर, चप्पल, कंगवा. मी घरीच होतो. परत आल्यावर मावशी म्हणाली, "फोनही ठेवला बापा. हातातून सुटत नव्हता तिच्या. तिथं लागन तिले."

मी लगेच घाटावर गेलो. चादर काठच्या दगडाला अडकली होती. फोन नव्हता.

बहिणीला लहानपणापासून सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार होता. आमच्या भागात हा आजार घरोघरी आहे, आणि घरोघरी लपवला जातो. जिवतीकडच्या एका गावात तपासणीचा निकाल बाहेर फुटला आणि एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. ती मुलगी बहिणीच्या ओळखीची. तेव्हापासून बहिणीच्या डोक्यात एकच गोष्ट होती: रोग्याची नोंद रोग्याच्याच हातात राहील असं ॲप बांधायचं. मी चंद्रपुरात संगणकाची कामं करत होतो. ती सोडून चामोर्शीला तिच्याकडे आलो.

नोंदी आम्ही ब्लॉकचेनवर ठेवल्या. म्हणजे एका कचेरीत, एका साहेबाच्या ताब्यात नाही; वेगवेगळ्या गावांतल्या संगणकांवर सारख्या प्रती. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला अशी बांधलेली की गुपचूप कोणी बदलली तर बाकीचे संगणक ती नाकारतात. भामरागडचा रस्ता पावसाळ्यात तुटला की तिथला संगणक एकटा काम करायचा आणि संपर्क आला की इतरांशी जुळवून घ्यायचा. आतला मजकूर मात्र कुलूपबंद. त्याच्या किल्लीचे तीन तुकडे, कुठलेही दोन जुळले तरच नोंद उघडते. एक तुकडा रोग्याच्या फोनमध्ये, दुसरा घरच्या माणसाकडे, तिसरा रोग्याला वाटेल त्याच्याकडे. हा तिसरा कोण, ते ॲप कोणालाच सांगत नाही. आम्हालाही नाही.

बांधताना मी विचारलं होतं, "माणूस गेल्यावर काय करायचं? घरच्यांना उघडू द्यायचं का?"

"काऊन?" ती म्हणाली. "गेला म्हणून तो तुमचा झाला का?"

शेवटच्या वर्षात तिची बोटं इतकी दुखायची की टाइप करणं होत नसे. त्यामुळे ती आपली नोंद बोलून ठेवायची. तिचा आवाज आता तेवढाच उरला होता. मला तो ऐकायचा होता, पण तिचा तुकडा फोनबरोबर गेला होता आणि माझ्याकडे घरच्या माणसाचा एकच तुकडा होता.

मी ॲपमधून विनंती पाठवली. 'विनंती पाहिली गेली' असं उमटलं आणि पुढे काहीच नाही. कोणीतरी ती वाचून गप्प बसलं होतं. मी तिच्या मैत्रिणींना विचारलं, दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारलं. आम्हीच लिहिलेला प्रोग्राम उघडून कुठे फट राहिली आहे का तेही शोधलं. राहिली नव्हती. तपासायचं काम बहिणीकडे होतं.

एका बाजारच्या दिवशी बांगड्यांच्या दुकानावरून जाताना दुकानवाल्या चाचीने हाक मारली. बहीण लहानपणापासून तिच्याकडेच बांगड्या भरायची. चाचीने मला बाकावर बसवलं, समोरची गिऱ्हाईक बाई जाऊ दिली आणि फोन माझ्यापुढे धरला. त्यावर माझी विनंती होती. खाली 'हो' आणि 'नाही'.

"किती दिवस झाले, पाहून राह्यलो," ती म्हणाली. "रोज उघडतो, रोज बंद करतो. नींद नाई येत."

"मग दाबलं का नाही?"

"तिनं सांगतलं होतं. चाची, भावाले देजो नको. म्या म्हणलं, काऊन वो, भाऊच तर आहे. तर म्हणे, रात्रीचं लय वाईट बोलतो मी त्याच्यात. देवाले शिव्या देतो, त्यालेही देतो. मरू द्या म्हणतो. त्यानं ते ऐकू नये." चाचीने ओढणीने फोनची काच पुसली. "आता पोरगीच नाई. तुम्ही म्हणान तर दाबतो. पन तुम्ही म्हणा."

मी 'हो'च्या बटणाकडे पाहिलं. त्याचा हिरवा रंग बहिणीने निवडला होता.

"राहू द्या," मी म्हणालो, आणि माझ्या फोनवरून विनंती मागे घेतली. चाचीच्या फोनवरून ती पुसली गेली. तिने फोन बाजूला ठेवला. मग बांगड्यांचे डबे नीट लावत म्हणाली, "इथी बसून भाव करे ना, तवा काय बोलायची. 'चाची, तुह्या बांगड्या घरी पोचेपर्यंत फुटतात, दोन वरून दे.' म्या म्हणो, तू हात आपटत जातं, बांगडीचा काय दोष."

ती बहिणीसारखी मान वाकडी करून बोलली. आवाज मात्र चाचीचाच होता.

घरी संगणक चालू होता. गावोगावच्या प्रती रोज एकमेकींशी ताडून बघतात आणि प्रत्येक नोंदीपुढे शेरा येतो. बहिणीच्या नोंदीपुढे आला होता: शाबूत. ती पुसायची सोय आम्ही ठेवलेली नाही. मावशीने जेवायला हाक मारली. मी संगणकाचा पडदा बंद केला आणि उठलो.