परत नेलेला चॉकलेटचा डबा

यशवंतपूरच्या आमच्या बेकरीवाल्याला गोड बोलता येत नसे. काहीही सांगा, मान वर न करता "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, एवढंच म्हणायचा. माझ्या नातीला शेंगदाण्याच्या कणानंही श्वास कोंडायचा, म्हणून तिचं चॉकलेट तो वेगळ्या भांड्यात करायचा.

तिच्या वाढदिवशी मी डबा घरी आणला. घरात फोन नव्हता. अर्ध्या तासात तो पिठाच्या हातांनी सायकल मारत दारात हजर.

"अक्का, पोरीनं खाल्लं काय?"

"अजून नाही."

"देऊ नका. बायकोनं ह्या चॉकलेटच्या सुरीनं आधी शेंगदाण्याची चिक्की कापली होती. आत्ता कळलं मला."

डबा काखेत मारून तो गेला. नात भोकाड पसरून रडली. मी तिला गप्प केलं नाही. रडायला दम लागतो, आणि तो त्या माणसामुळे शाबूत होता.