डिझेलच्या खोलीतला कापूस

नेरजवळच्या तलावाच्या कामावर मी स्टोअरकीपर होतो. पोकलेन, ट्रॅक्टर, सगळ्यांचं डिझेल माझ्या ताब्यात. राहुट्यांपासून लांब टिनाची खोली, ड्रमांभोवती विटांची पाळ, दारात वाळूच्या बादल्या. तिथं कोणी विडी घेऊन दिसला, की मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. स्वतः मात्र माझ्या खोलीत बसून दिवसाला बंडलभर फुंकायचो.

कापसाचा भाव पडला होता ती वर्षं. भाव चढेल म्हणून लोकांनी कापूस घरातच ठेवलेला. कामावर पाणी पाजणाऱ्या मावशीचंही तेच. वर्षाची सगळी मेहनत एका खोलीत, आणि त्याच खोलीत चूल. तिच्या शेजारणीचा कापूस चुलीच्या ठिणगीनं पेटला, तेव्हापासून मावशीला झोप नव्हती.

मी दोन दिवस सामान आणायला यवतमाळला गेलो होतो. झाडलोटीसाठी किल्ली मावशीकडे होती. परत येऊन दार उघडलं, तर ड्रमांना टेकून कापसाची गाठोडी! माझं डोकंच सणकलं. मावशीला बोलावून वाट्टेल ते बोललो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "तुमीच तं म्हन्ता बाबू, ह्या खोलीत ठिणगी शिरत नाही. मंग माह्या कापसाले याहून बरी जागा कोनती?"

कपाळ माझं! एवढ्या माणसांत माझं म्हणणं मनापासून पटलेली ही एकटीच. मग समजावलं, की एक ड्रम पाझरला आणि कुठून ठिणगी आली, तर डिझेल आणि कापूस दोन्ही पेटतील, आणि डिझेलचा वास लागला तर व्यापारी कापसाला हात लावणार नाही. तिनं लगेच गाठोडं सोडून माझ्या नाकाशी धरलं. मला काही कळेना, माझं नाक डिझेलातच मुरलेलं. शेवटी स्वयंपाकवाल्या बाईनं एकेक गाठोडं हुंगलं. खालची दोन गेली, बाकी वाचली. मावशी रडली, मलाही वाईट वाटलं. उरलेला कापूस मी माझ्या खोलीत रचला.

संध्याकाळी परतलो, तर माझ्या दारात वाळूची बादली आणि उंबऱ्यावर मावशी. मी सवयीनं विडी काढली.

"काडीपेटी द्या, बाबू," ती म्हणाली.

दिली. कापूस विकेपर्यंत ती पेटी तिच्या कमरेलाच होती. मी नंतरही परत मागितली नाही.