कोपऱ्यावरच्या पबातले नाना

आमचे नाना न्यूझीलंडला आले ते सामानात पितळी वजनांची लाकडी डबी घेऊन. विमानतळावरच्या तपासणीतल्या बाईंनी डबी उघडून पाहिली आणि हसून परत दिली. नानांनी मात्र तिथेच, मागे रांग खोळंबलेली असताना, सगळी वजनं मोजून घेतली. "हसतमुख माणसाकडे जास्त लक्ष ठेवावं," हे त्यांनी या भूमीवर पाऊल ठेवून उच्चारलेलं पहिलं वाक्य.

नाना म्हणजे माझे सासरे. वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं निरीक्षक होते. सांगलीच्या बाजारात ते शिरले की दुकानदार तराजू पुसायला लागत, असं सुहास, माझा नवरा, अभिमानाने सांगायचा. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना न्यू लिन या उपनगरातल्या आमच्या घरी बोलावून घेतलं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या पितळी वजनांवर माझ्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्याची परीक्षा घेतली. काटा पास झाला. मग त्याच काट्यावर डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, आणलेली साखरेची पिशवी ठेवली, ती आठ ग्रॅम जास्त भरली. नाना दिवसभर अस्वस्थ होते. "जास्त का देतो हा माणूस? त्याचा काय डाव आहे?" असं त्यांनी मला तीनदा विचारलं.

"विश्वास ठेवावा, पण शिक्का बघून," हे त्यांचं ब्रीद. शेजारच्या आजीने लिंबं आणून दिली तर तिला काय हवंय याचा ते आठवडाभर विचार करायचे. इथल्या मराठी मंडळाच्या सहलीला गेले नाहीत, कारण सहल काढणारा गृहस्थ फार गोड बोलतो. मला त्यांचा राग यायचा. पण खरं सांगायचं तर मीही त्याच माळेचा मणी. मी फार्मसिस्ट. डॉक्टरने लिहिलेला डोसही दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय मी बाटलीला हात लावत नाही. एका घरात दोन निरीक्षक झाले की तिसऱ्याचं काय होतं ते सुहासला विचारा.

म्हणूनच नानांमधला बदल आधी माझ्या लक्षात आला. ते दुपारी तीनला फिरायला जायला लागले आणि साडेपाचला चक्क शीळ घालत परतायला लागले. शुक्रवारी तर आल्या आल्या न बोलता थेट न्हाणीघरात, दुसरी अंघोळ! त्यांच्या स्वेटरला एक आंबूस वास यायचा. आमची आठ वर्षांची ईरा नाक मुरडून म्हणाली, "मम्मा, नाना स्मेल्स लाइक अ पब." मी तिला दटावलं, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

पुढच्याच आठवड्यात धुवायच्या पँटच्या खिशात एक चिठ्ठी सापडली. त्यावर जाड पेनाने एकच आकडा, एकतीस. मी सुहासला दाखवली. "नाना आणि जुगार? ज्या माणसाने आयुष्यात सुपारी चाखली नाही तो? तू वेडी आहेस," असं म्हणून तो झोपायला गेला. मी वेडी नव्हते. मी शुक्रवारी दुकानातून लवकर निघाले आणि स्टेशनमागच्या रस्त्यावरून नानांच्या मागे, अंतर राखून, चालायला लागले.

तेव्हा न्यू लिन सगळं उकरून ठेवलेलं होतं. रेल्वे खाली खंदकात न्यायची होती. विटांचे जुने गाळे पाडून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्या धुळीत कोपऱ्यावर एक बुटका, तपकिरी कौलांचा पब तेवढा उरला होता. नाना त्याच्या दारातून असे आत गेले की जणू स्वतःच्या घरात चालले आहेत. मी खिडकीतून पाहिलं. वीसएक माणसं गप्प उभी होती. टेबलावर पारदर्शक कागदाने झाकलेला मांसाचा मोठा थाळा. आणि आमचे शुद्ध शाकाहारी, निर्व्यसनी नाना डोळे मिटून बर्फ ठेवायच्या बादलीतल्या चिठ्ठ्यांत हात घालत होते.

मी दार ढकललं. "नाना, घरी चला. आत्ता." अंगावर फार्मसीचं नाव शिवलेला पांढरा कोट तसाच होता. सगळा पब माझ्याकडे बघत राहिला. नानांनी हातातली चिठ्ठी न वाचता परत बादलीत टाकली, टोपी घेतली आणि मुकाट्याने माझ्यामागून आले. घरी चपला काढताना एवढंच म्हणाले, "मेधा, आम्हीसुद्धा धाड घालण्यापूर्वी दार वाजवायचो."

त्यानंतर नाना फिरायला गेले नाहीत. खोलीत बसून असायचे. जेवणाचं ताट पुढे आलं की "पुरे" म्हणायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सुहासला सांगितलं, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून दे." सुहास माझ्याकडे बघायचाही बंद झाला. मी बरोबरच केलं, असं मी स्वतःला रोज समजावत होते. रोज समजावावं लागत होतं, यातच काय ते आलं.

मग एके दिवशी फार्मसीत एक आडदांड माणूस आला. दंडावर गोंदण, पायांत जँडल्स, म्हणजे रबरी चपला. मी आपली काउंटरच्या आत एक पाऊल सरकले. तो माओरी पद्धतीचा नमस्कार घालून म्हणाला, "कीया ओरा. मी ब्रायन, पबवाला. नाना आजारी आहे का? तीन शुक्रवार ड्रॉ झाला नाही. दुसऱ्या कुणी काढायचा म्हटलं की भांडणं होतात."

त्याच्याकडून मला सगळं कळलं. नाना पहिल्यांदा त्या पबात गेले ते तक्रार घेऊन. उघड्या दारातून त्यांना बिअरचे पेले दिसले होते, वर दोन बोटं फेस. "मापात पाप आहे," असं त्यांनी ब्रायनला इंग्रजीत तोंडावर सांगितलं. ब्रायनने रिकामा पेला आणि मोजायचं भांडं त्यांच्यापुढे ठेवलं. नानांनी पाणी ओतून पाहिलं. माप रेघेला रेघ बरोबर. मग ब्रायनने त्यांना खुर्ची दिली, लेमोनेड दिलं. दर शुक्रवारी तिथे मांसाच्या थाळ्याची सोडत असे. नानांनी दुसऱ्याच शुक्रवारी जाहीर केलं की ज्याची चिठ्ठी शेवटी पडते त्याचीच निघते, बादली ढवळली जात नाही. "मग तूच काढ," लोक म्हणाले. याला मांस नको, याची कुणाशी दोस्ती नाही आणि याचा कुणावरच विश्वास नाही. यापेक्षा भरवशाचा माणूस आणायचा कुठून? नाना चिठ्ठी काढायचे, सगळ्यांना दाखवून ती पुरावा म्हणून खिशात ठेवायचे, थाळा उचलून विजेत्याच्या हातात द्यायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "पास!" सगळा पब त्यांच्यामागून ओरडायचा, "पास!"

दुसऱ्या अंघोळीचं कारण कळलं. मी तशीच घरी आले. "नाना, चुकलं माझं," म्हटलं, आणि मला रडूच आलं. नाना गडबडले. "अगं, मला हे घरी सांगायला हवं होतं. पण मांसाच्या थाळ्याला हात लावतो हे सांगू कसं?" मग म्हणाले, "बत्तीस वर्षं लोकांनी मला खुर्ची दिली ती घाबरून. ह्या माणसाने न घाबरता दिली. मी तरी उठू कसा?"

तिकीट बदललं नाही. पुढच्या शुक्रवारी नाना मला सोबत घेऊन गेले, "खात्री करून घे" म्हणत. गालिच्याला वास होता, खुर्च्या डुगडुगत होत्या, एक म्हातारा कुत्रा दारातच लोळत होता. निवृत्त वीटभट्टी कामगार, एक सामोअन बसचालक, दोन नर्सबाया. मी प्रत्येकाकडे संशयाने पाहून घेतलं. तासाभराने माझ्या लक्षात आलं की इथे कुणी नानांना "कसे आहात" विचारत नाही. उशीर झाला तर "होतास कुठे?" विचारतात. ते आमच्या घरी कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

वर्षभरात पब विकला गेला. तिथे सहा मजली घरं होणार होती. शेवटच्या शुक्रवारी ब्रायनने थाळा मांडला तो भाज्यांचा: कुमरा म्हणजे इथली रताळी, लाल भोपळा, पालक, मक्याची कणसं. "आज तुझीही चिठ्ठी पाहिजे," तो म्हणाला. नाना तयार होईनात. काढणाऱ्याचा नंबर असणं नियमात बसत नाही. सगळ्यांनी गलका केला तेव्हा नाइलाजाने सत्तेचाळीस घेतला. डोळे मिटून चिठ्ठी काढली. सत्तेचाळीस! टाळ्या थांबेनात. नानांनी कपाळाला आठी घातली, सवयीने पुन्हा बादलीत हात घालून तळ ढवळला. क्षणभर बादलीवर तसेच वाकून राहिले. मग हात खिशात घालून रुमाल काढला, नाक पुसलं आणि म्हणाले, "पास."

मी बादली उचलून आत ठेवायला गेले आणि आत पाहिलं. सगळ्या चिठ्ठ्यांवर सत्तेचाळीसच होता. नानांना कळलं तर? जन्मभर ज्याच्याशी भांडले तेच या माणसांनी केलं! मी मूठभर चिठ्ठ्या पर्समध्ये कोंबल्या, बाकीच्या कचऱ्यात टाकल्या. घरी येताना नाना भोपळा छातीशी धरून चालत होते. "आजचा ड्रॉ स्वच्छ झाला," मी म्हटलं. "हूं," ते म्हणाले. त्या रात्री त्यांनी भोपळ्याची भाजी दोनदा वाढून घेतली.

महिन्याभराने नाना सांगलीला परतले. पुन्हा येणं झालं नाही. दोन वर्षांनी ते गेल्यावर आम्ही घर आवरायला गेलो. कपाटात वजनांची डबी होती. त्यांच्या सवयीप्रमाणे मी वजनं मोजायला घेतली. सगळ्यात मोठ्या वजनाच्या खाली, खाचेत, दोन घड्या घातलेल्या चिठ्ठ्या होत्या. दोन्हींवर जाड पेनाने सत्तेचाळीस.

एक सगळ्यांना दाखवलेली. आणि दुसरी, तळ ढवळताना हाती लागलेली. बत्तीस वर्षांत एकही खोटं माप ज्यांनी सोडलं नाही, त्या नानांनी खिशात पुरावा असताना "पास" म्हटलं होतं. मी दोन्ही चिठ्ठ्या तशाच वजनाखाली ठेवल्या, आणि बाहेरून सुहासने "झालं का मोजून?" विचारलं तेव्हा म्हटलं, "हो. बरोबर आहेत."