लाल दोरा

मावशींनी दोरा बांधलेलं हरभऱ्याचं झाड मी दुसऱ्या वाणाची भेसळ म्हणून उपटून टाकलं, ही माझी चूक. आमच्या संशोधन केंद्रात त्या खुरपणीला येतात. वेगळं झाड दिसलं की लुगड्याच्या काठाचा लाल दोरा ओढून त्याला बांधतात. मी उपटलेल्या झाडावर गुलाबी फुलांत एकच फांदी पांढरी फुलली होती.

"याचा उपयोग काय?" मी म्हणालो.

"सायेब, समदं उपेगाचंच बघायचं व्हय? असं का झालं, त्ये तरी कळलं असतं."

नंतर दोरे दिसेनासे झाले. परवा मला येताना पाहून मावशी एका झाडाला पदराआड लपवून उभ्या राहिल्या.

मी बांधावरच थांबलो. "मावशी, तेव्हा मी चुकलो. माफ करा. हे झाड मला दाखवा, उपटणार नाही."