अबोल्यात दोर नाय

पेंढ्याचा ट्रक भरणं म्हणजे पोतं भरणं नव्हे. पोत्याला तोंड असतं, ते शिवलं की काम संपलं. पेंढ्याला ना तोंड ना बूड. तो फाळक्याच्या वर जातो, दोन्ही अंगांनी बाहेर येतो आणि माळशेजच्या वळणावर त्याला एकदम दरी बघायची हौस येते. म्हणून टोकावड्याच्या अलीकडे नामदेवची जी वखार आहे, तिथे धोंडूबाईला मोठा मान. थर लावावेत ते तिनेच. आधी चारी कोपऱ्यांचे भारे, मग कडेचे, मग मधलं पोट, आणि एक थर उभा तर दुसरा आडवा. त्यावरून ती पेंढा तुडवत अशी चालायची की वाडीतल्या बाया म्हणत, "धोंडूबाय जमिनीवर लंगडते नि ट्रकावर पळते." खोटं नव्हतं ते. तिचा गुडघा खाली उतरल्यावरच दुखायचा.

पण ट्रक एकट्याने बांधता येत नाही. वरच्याने दोर टाकायचा. खालच्याने तो हुकातून घेऊन, फाळक्याला पाय लावून ओढायचा आणि गाठ मारायची. वरच्याला गाठ दिसत नाही, खालच्याला वरचा भारा दिसत नाही. वरून विचारायचं, "बसली?" आणि खालून खरं काय ते सांगायचं, एवढ्यावर सगळा कारभार. त्यामुळे वखारीत एक रीत पडली होती, कोणी पाडली देव जाणे. ज्यांचा आपसात अबोला आहे, त्यांनी एका ट्रकाला हात लावायचा नाही. अबोल्यात दोर नाय, असंच म्हणत सगळे. भांडणाला हरकत नव्हती. भांडणारी माणसं निदान बोलतात तरी.

धोंडूबाई आणि तिचा नवरा काळूराम तर भांडता भांडताच म्हातारे झाले. ती वर, तो खाली. सकाळी कालवणातल्या मिठावरून पेटलेलं ट्रकाचा शेवटचा थर लागेपर्यंत धुमसत असायचं. "बसली?" ती वरून ओरडायची. "बसली गो! तुझ्या तोंडाला पन अशीच एक मारली पायजे!" तो खालून सांगायचा आणि सगळी वखार हसायची. पण दोर ढिला असला तर तोच काळूराम कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "नाय बसली, थांब." त्यांनी बांधलेल्या ट्रकाकडे नामदेव मालक वळूनही पाहत नसे.

त्यांचा एकुलता एक मुलगा भगीरथ नामदेवचाच ट्रक चालवायचा. घाट चढून वरच्या गोठेवाल्यांना पेंढा पोचवायचा. नवा पेंढा चालत्या गाडीत दबतो, खाली बसतो आणि दोर सैल होतो. म्हणून घाट लागायच्या आधी शेवटच्या ढाब्यावर गाडी उभी करायची, एकेक दोर परत ओढायचा आणि मगच पुढे निघायचं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ट्रकाचा भार वळणावर कलंडला. ट्रक वाचला, पण भारे रस्त्यावर आले आणि मागून येणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला. भगीरथ वखारीत परतला तो पांढराफटक पडूनच. नामदेवने विचारलं, तसा तो चारचौघांत म्हणाला, "बापसाची गाठच ढिली व्हती."

काळूराम तिथेच उभा होता. त्याने मुलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "असंल. वय झालं माझं."

रात्री जेवताना त्याने बायकोला सांगितलं. गाठ घट्ट होती, पोरगा ढाब्यावर थांबलाच नाही. धोंडूबाई ताटावरून उठायलाच निघाली होती, पण त्याने तिला बसवलं. "बोलू नको गो. मालकाला कळलं तर त्याची डायवरकी जाईल. माझं काय, आज हाय, उद्या नाय." त्या दिवसानंतर काळूरामने दोराला हात लावला नाही. बोलावलं तरी जायचा नाही. दिवसभर ओटीवर बसायचा आणि मीठ कमी पडलं तरी मुकाट जेवायचा. धोंडूबाईला त्याचाच जास्त धसका बसला. पुढच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि तो गेला.

नवऱ्याला दिलेला शब्द तिने पाळला. कोणाला काही सांगितलं नाही. पण त्या रात्रीपासून भगीरथशी बोलणं टाकलं ते टाकलंच. सुनेशी बोलायची, नातवाला मांडीवर घ्यायची, आणि मुलगा दारात आला की भांड्यांशी बोलायला लागायची. तोही पुरुषी ताठा धरून बसला. एका घरात दोघं असे वावरत की शेजारणी म्हणत, मांजरंसुद्धा एवढं धरून ठेवत नाहीत.

मग यंदा भात झोडून झाल्यावर एक सकाळ अशी आली की ट्रक भरून तयार, धोंडूबाई वर, आणि खाली दोर ओढायला कोणीच नाही. काळूरामच्या जागी आलेला बुधू हात सुजवून घरी बसला होता. बाकीचे गडी दुसरा ट्रक भरायला लांबच्या खळ्यावर गेलेले. घाटावरून गोठेवाल्याचे फोनावर फोन येत होते, गुरांपुढे टाकायला काडी उरली नव्हती. नामदेव म्हणाला, "भगीरथ, तूच ओढ."

"अबोला हाय आमचा," भगीरथ म्हणाला.

"आज रीत बाजूला ठेव रे! गुरांना काय सांगू, मायलेकांचं पटत नाय म्हणून?"

भगीरथ पुढे झाला. धोंडूबाईने वरून दोर टाकला. तो ओढला गेला, ताणला, थांबला. दुसरा, तिसरा, शेवटी मधला. आता विचारायला हवं होतं. दोन वर्षं जपून ठेवलेला ताठा आड येत होता. पण हा पेंढा घेऊन घाट कोण चढणार, हे तिला कळत होतं. जीव पोटच्या पोराचाच होता.

"बसली?" तिने विचारलं.

खालून फक्त दोराला दोन हिसके.

"हिसके कोणाला देतोस रे? मी काय बैल हाय?"

नामदेव ओरडला, "बसली म्हणतोय तो! उतर आता, बाय."

"तू नको सांगू. ज्यानं ओढला तो सांगंल." आणि धोंडूबाईने पेंढ्यावर फतकल मारली. ऊन चढलं. नामदेवने विनवण्या केल्या, चिडला, शेवटी पाणी प्यायला निघून गेला. ती हलली नाही. तिला उत्तर हवं होतं आणि उत्तराचीच भीती वाटत होती. एकदा खोटं बोललेला मुलगा. आता सुटायचं म्हणून "बसली" म्हणून टाकेल, आणि वरून तिला काही म्हणजे काही दिसणार नव्हतं. ती उतरेल, तो गाडी काढेल, आणि मग वळण आहेच.

खाली मग हुकाचा आवाज झाला.

"नाय बसली, आये," भगीरथ म्हणाला. "मधला ढिला हाय. परत ओढतो."

धोंडूबाईने पदर तोंडात कोंबला. इतकं बरं तिला नवरा गेल्यापासून वाटलं नव्हतं. दोर पुन्हा ताणला गेला, पेंढा करकरला, बुडाखाली थर घट्ट झाल्याचं तिला कळलं. "आता बसली," खालून आवाज आला.

ती उतरली. गुडघा लगेच ठणकला. भगीरथ अजून हुकाला धरून उभा होता, मान खाली.

"त्या दिशी मी ढाब्यावर थांबलो नाय, आये," तो म्हणाला.

"ठाव हाय मला. तुझ्या बापसाला पन ठाव व्हतं."

भगीरथने मान वर केली. "मंग तो बोलला का नाय?"

"मला बोलला, जगाला नाय. तू बोलशील म्हणून वाट बघत व्हता. जाईपर्यंत."

त्याचा हात हुकावरून सुटला. तो चाकाशी खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडू लागला. नामदेव पाण्याचा तांब्या घेऊनच धावत आला. "झालं ना बांधून? मग बसता काय? काढ रे गाडी!"

धोंडूबाई त्याच्या आडवी आली. "थांब जरा," ती म्हणाली. "डोळे भरलेत त्याचे. असा घाट नाय चढायचा त्यानं."