डॅशबोर्डवरचा अखंड दिवा

त्या महिन्यात मी देवाशी अबोला धरला होता. आठवड्यातून तीनदा सकाळी आईला डायलिसिसला न्यायचं, आणि नेमकी तेव्हाच गाडी सुरू व्हायची नाही. पनवेलच्या दोन मेकॅनिकांनी माझं डोकं खाल्लं. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरवर ठपका ठेवला. आईचं दुखणं कळलं तेव्हाच मी डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे अखंड दिवा लावायचा नवस केला होता. छोटा पिवळा बल्ब, थेट बॅटरीला जोडलेला, कारण गाडी बंद असली तरी देव अंधारात राहू नये. एवढं करूनही त्याने मला असं तंगवावं, याचा मला राग यायचा.

त्या दिवशी संकष्टी होती. आई कशीबशी मागच्या सीटवर बसली होती, पाय सुजलेले, श्वास लागलेला, आणि गाडी ढिम्म. सोसायटीच्या फाटकाशी मी बॉनेट उघडून उभा होतो आणि मला अक्षरशः रडू येत होतं. तेवढ्यात मोरा बंदराहून मासळी घेऊन आलेला टेम्पो शेजारी थांबला. उपासाच्या पोटी तो वास सहन होईना, आणि हेच बाकी होतं, असं मी मनात म्हटलं.

टेम्पोवाल्याने आपल्या बॅटरीला वायरी जोडून गाडी सुरू करून दिली. मग सीटखालून मीटर काढून माझ्या बॅटरीला लावला. आकडा चौदा व्होल्टच्या थोडा वर. अल्टरनेटर ठणठणीत आहे, त्याने सांगितलं, चालू गाडीत एवढंच हवं. तरी तो दवाखान्यापर्यंत मागोमाग आला. तिथे त्याने मला गाडी बंद करायला लावली, आत डोकावला आणि आधी गणपतीला हात जोडले.

"दादा, गाडी बंद हाय, चावी तुमच्या हातात हाय. मग देवाचा दिवा कशावर जलतो?"

मी बल्बकडे पाहिलं. दोन्ही मेकॅनिकांसमोर तो बल्ब जळत होता, पण देवाचा म्हणून कुणी त्याला हात लावला नव्हता. गाडी दोन दोन दिवस उभी, दवाखाना दहा मिनिटांवर, म्हणजे दिव्याने खाल्लेली बॅटरी भरून निघतच नव्हती. वायर त्यानेही तोडली नाही. "नवस तुमचा हाय, तुमीच काढा," म्हणाला. माझा हात पुढे होईना. तेव्हा मागून आई म्हणाली, "काढ रे. मी वेळेवर पोचले की त्याला दिवा पोचला."

मी वायर काढली. आईला आत बसवून बाहेर आलो तेव्हा टेम्पो निघून गेला होता, आणि मी त्याचं नावही विचारलं नव्हतं. गाडीला मासळीचा वास मात्र दोन दिवस होता, आणि मी काचा उघडल्या नाहीत.

देवाला सांभाळायचं काम मी उगाच अंगावर घेतलं होतं. आता दिवा चावीवर आहे. रात्रभर बाप्पा पार्किंगमध्ये अंधारात बसतो. सकाळी चावी फिरवली की आधी त्याच्यापुढे उजेड पडतो, आणि आई मागून म्हणते, "चल, उठला तो."